वाटीखालचं दुखणं आणि निळी पट्टी

गेल्या आठवड्यात एकच मेसेज मला चार ग्रुपवर आला. त्यातला एक ग्रुप रंकाळ्यावर सकाळी पळणाऱ्यांचा, दुसरा पेठेतल्या फुटबॉलवाल्या पोरांचा. मजकूर असा: 'गुडघ्याच्या वाटीखाली दुखतंय? बैठका ताबडतोब बंद करा. निळी स्पोर्ट्स टेप लावा. टेप शिरेला धरून ठेवते, रक्त खेळवते, सूज ओढून घेते. तीन दिवसांत दुखणं मुळापासून जातं, खेळ एक दिवसही थांबवावा लागत नाही.'

मी फिजिओथेरपिस्ट आहे. ही टेप माझ्या कपाटातही आहे आणि मी ती लावतो. त्यामुळं टेप टाकाऊ आहे असं मी म्हणणार नाही. पण या मेसेजमुळं पोरांचे गुडघे बिघडताना मी बघतोय, म्हणून एकेक वाक्य घेतो.

'टेप शिरेला धरून ठेवते.' टेपचा तुकडा दोन बोटांत धरून ओढून बघा. मूळ लांबीच्या जवळपास दीडपट ताणला जातो, तोही सहज. आता वाटीखालचं टेंडन बघा, ज्याला आपण सरसकट शीर म्हणतो. वाटीचं खालचं टोक आणि नडगीचं हाड यांना जोडणारा हा दीड-दोन इंचांचा पट्टा. हेडर मारून खाली येताना त्याच्यावर शरीराच्या वजनाच्या कित्येक पट ओढ येते. ती ओढ कातडीवर चिकटवलेल्या सुती पट्टीनं कशी पेलायची? टेप कातडीला चिकटते, टेंडनला नाही.

ताकद वाढते हाही एक समज आहे. हाँगकाँगमध्ये 2015 साली झालेल्या एका प्रयोगात टेपची काहीच माहिती नसलेल्या 30 निरोगी लोकांना 'हे स्नायूंचे सेन्सर आहेत' असं सांगून मांडीवर टेप लावली, एकदा ताणून, एकदा न ताणता; आणि एकदा टेपच लावली नाही. गुडघा सरळ करण्याची ताकद तिन्ही वेळा सारखीच भरली.

'रक्त खेळवते, सूज ओढते.' कातडी उचलली जाते आणि खाली जागा होते, ही कल्पना जपानी कायरोप्रॅक्टर केन्झो कासे यांनी 1970च्या दशकात ही टेप काढली तेव्हापासूनची. ऐकायला पटते. पण वाटीखालच्या या जुनाट दुखण्यात ओढून काढण्यासारखी सूज मुळात फारशी नसते. वारंवार उड्या, ब्रेक, वळणं यांचा भार टेंडनच्या कुवतीबाहेर गेला की आतल्या तंतूंची वीण विस्कटते. दुखणं तिथून येतं. रंगाचं तर सोडूनच द्या. निळी, काळी, गुलाबी सगळी एकच.

'दुखणं मुळापासून जातं.' इथं थोडं थांबू, कारण खरा घोटाळा इथंच आहे. टेप लावल्यावर दुखणं कमी होतं, हे खरंय. नेदरलँड्समधल्या 2016 च्या एका चाचणीत याच दुखण्याच्या खेळाडूंना टेपनं किंवा वाटीखाली बांधायच्या पट्ट्यानं काहीच न लावण्यापेक्षा थोडा आराम पडला. पण नावापुरत्या लावलेल्या खोट्या टेपशी तुलना केली तेव्हा फरक टिकला नाही. म्हणजे आराम खरा, पण तो कातडीवरच्या स्पर्शाचा आणि मनाला आलेल्या धीराचा. टेंडन होतं तिथंच.

माझ्याकडं आलेला फुटबॉलचा एक फॉरवर्ड, वय बावीस. दोन पट्ट्या लावलेल्या, एक टोक सुटून त्याला माती चिकटलेली. पट्टी काढली तर खाली ओळीनं बारीक फोड. उतरत्या फळीवर एका पायानं हळू बसायला लावलं. टेप असताना दुखणं दहापैकी 3 म्हणाला होता, काढल्यावर 6. महिनाभर एकही मॅच सोडली नव्हती. "टेप हुती की ओ सर, दुखलंच न्हाई." दुखणं हा टेंडनचा आवाज असतो. तो दाबून त्यानं महिनाभर तेवढाच भार टाकला होता.

'बैठका बंद करा.' मेसेजमधलं सगळ्यात घातक वाक्य हेच, कारण यात अर्धं खरं आहे. तालमीत झपाझप मारलेल्या शेकड्यानं बैठका दुखत्या टेंडनला नको, हे बरोबर. पण पाय पूर्ण आरामात ठेवला तर टेंडनची कुवत आणखी घटते, आणि महिन्यानं मैदानात उतरलं की पहिल्याच आठवड्यात परत तेच. हवा असतो मोजून दिलेला भार. सुरुवातीला गुडघा वाकवून 45 सेकंद धरून ठेवायचा, असं पाच वेळा, मध्ये दोन मिनिटं विसावा. मग वजन घेऊन हळू बैठक: तीन सेकंद खाली, तीन सेकंद वर, आठवड्यातून तीन दिवस. उड्या आणि स्प्रिंट सगळ्यात शेवटी. दुखणं 3 पर्यंत चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळी वाढलेलं दिसलं तर भार कमी करायचा.

'खेळ थांबवावा लागत नाही, तीन दिवस पुरे.' 2021 च्या आणखी एका डच अभ्यासात 76 खेळाडूंना 24 आठवडे व्यायाम दिला. टप्प्याटप्प्यानं भार वाढवलेल्या गटाला जास्त फायदा झाला, तरी त्यातलेही निम्म्याहून कमी तेवढ्या काळात आधीच्या पातळीवर परतले. सहा महिन्यांचं काम तीन दिवसांत उरकत नाही. खेळ पूर्ण बंद करायची गरज बहुतेकांना नसते, पण उड्या आणि मॅचची मिनिटं कमी करावीच लागतात.

टेप लावायचीच असेल तर व्यायाम करताना दुखणं सुसह्य व्हावं म्हणून लावा. खाज सुटली तर लगेच, तेल लावून हळू काढा. पण गुडघ्यात पाणी भरलंय, गुडघा अडकतोय, अचानक दगा देतोय किंवा मार लागल्यावर पाय सरळच होत नाही, तर पट्टीत वेळ घालवू नका, ऑर्थोपेडिककडं जा.

तो फॉरवर्ड आता नवव्या आठवड्यात आहे. खांद्यावर वीस किलो घेऊन हळू बैठका काढतो, गुडघ्यावर टेप नसते. फळीवरचा आकडा 2 वर आलाय. उड्या अजून सुरू केलेल्या नाहीत.