‘आय७ घ्या, बाकी काही बघू नका’ : गेमिंग पीसीच्या एका फिरत्या सल्ल्याचा प्रतिवाद

बारावीचे आणि डिप्लोमाचे निकाल लागून प्रवेशांची धावपळ सुरू झाली की सांगली-मिरजेतल्या मोबाइलवर एक सल्ला नव्याने फिरू लागतो. त्याचा मजकूर थोडक्यात असा : ‘पंचवीस हजारांत झकास गेमिंग पीसी होतो. प्रोसेसर आय७च घ्या, बाकी काही बघू नका. एएमडी घेऊ नका, ते तापते आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात टिकत नाही. ग्राफिक्स कार्ड चार जीबीचे असले की सगळे गेम चालतात. रॅम दुप्पट केली की एफपीएस दुप्पट. एसएमपीएस कॅबिनेटबरोबर येतोच, त्यावर वेगळे पैसे घालू नका.’ (एफपीएस म्हणजे सेकंदाला पडद्यावर येणाऱ्या फ्रेम, एसएमपीएस म्हणजे संगणकाला वीज पुरवणारा डबा.) यातल्या बहुतेक वाक्यांत कधीकाळच्या सत्याचा थोडा अंश आहे, आणि म्हणूनच ती ऐकणाऱ्याला पटतात. प्रत्येक विधान स्वतंत्रपणे तपासले, की पैसे नेमके कुठे वाया जातात ते दिसते.

पहिले विधान आय७चे. आय३, आय५, आय७ ही इंटेलने एकाच पिढीतील प्रोसेसरांना लावलेली क्रमवारी आहे. एका पिढीचा आय७ त्याच पिढीच्या आय३पेक्षा सरस असतो, एवढेच त्या आकड्यातून कळते. दहा वर्षांच्या अंतराने आलेल्या दोन प्रोसेसरांची तुलना त्यावरून करता येत नाही. पंचवीस हजारांच्या ‘पूर्ण सेट’मध्ये जो आय७ बसवून मिळतो, तो बहुधा दुसऱ्या किंवा तिसऱ्या पिढीचा, म्हणजे आय७-२६०० किंवा आय७-३७७० असतो. हे प्रोसेसर अनुक्रमे २०११ आणि २०१२ साली बाजारात आले. त्यांच्याशेजारी २०२२च्या जानेवारीत आलेला आय३-१२१००एफ ठेवून पाहावा. दोन्हींकडे चार कोअर (प्रत्यक्ष काम करणारे भाग) आणि आठ थ्रेड (एका वेळी चालवता येणारे कामाचे धागे) आहेत. पण नव्या आय३चा एकेक कोअर आय७-२६००च्या कोअरच्या जवळपास दुप्पट काम करतो, आणि त्यासाठी त्याला वीजही कमी लागते. आय७-२६००ची कागदोपत्री उष्णता-मर्यादा ९५ वॅट आहे, नव्याची ५८. गेममध्ये एकेका कोअरच्या वेगाला फार किंमत असते, कारण शत्रूच्या हालचाली, टकरी आणि ग्राफिक्स कार्डाला दर फ्रेमला द्यावयाच्या सूचना यांतले बरेचसे काम मोजक्याच थ्रेडवर चालते.

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचा सौदा पोत्यावरचे नाव वाचून होत नाही, हळकुंड मोडून आतला रंग पाहतात. प्रोसेसरच्या बाबतीत हे मोडून पाहणे म्हणजे आय७ या शब्दानंतरचा चार-पाच अंकी आकडा वाचणे होय. २६०० म्हणजे दुसरी पिढी, ३७७० म्हणजे तिसरी, १२१०० म्हणजे बारावी. शेवटी ‘एफ’ असेल तर त्या प्रोसेसरमध्ये अंगचे ग्राफिक्स नाही, म्हणजे वेगळे कार्ड बसवल्याशिवाय मॉनिटरवर काहीच दिसणार नाही. एफ असलेला प्रोसेसर स्वस्त पडतो हे खरे. पण कार्ड वॉरंटीसाठी कोल्हापूरला किंवा पुण्याला पाठवण्याची वेळ आली तर ते परत येईपर्यंत संगणक निव्वळ डबा होतो, हे घेण्याआधी माहीत असलेले बरे.

जुन्या आय७ची मंदगती एक वेळ सोसता येईल, पण त्याच्याबरोबर येणाऱ्या इतर अडचणींवर तोडगा नाही. विंडोज ११ला टीपीएम २.० (संगणकातली सुरक्षा-चिप) लागते आणि इंटेलच्या बाजूने मायक्रोसॉफ्टची अधिकृत यादी साधारण आठव्या पिढीपासून सुरू होते; विंडोज १०चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. दुकानात आडवाटेने विंडोज ११ चढवून देतात आणि ते चालतेही. मात्र व्हॅलोरंट या गेमची व्हॅनगार्ड ही फसवणूक-विरोधी यंत्रणा विंडोज ११वर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट (संगणक सुरू होतानाची सुरक्षा-तपासणी) मागते, आणि ते नसेल तर गेम सुरूच होत नाही. म्हणजे ज्या एका गेमसाठी मुलाने हट्ट धरला, नेमका तोच बंद. याशिवाय या दोन्ही पिढ्यांच्या प्रोसेसरांत एव्हीएक्स-२ ही सूचनावली नाही. ती इंटेलने २०१३मध्ये, चौथ्या पिढीत आणली, आणि काही नवे गेम तिची मागणी करतात. टॅली, प्रकल्पाचे टायपिंग आणि ऑनलाइन तास यांसाठी हाच जुना आय७ आजही चांगला संगणक आहे, आणि त्या कामासाठी तो कोणी घेत असेल तर मी अडवणार नाही. त्यावर ‘गेमिंग’ची चिठ्ठी चिकटवून जास्तीचे पैसे घेणे मात्र अयोग्य आहे.

एएमडी (इंटेलची स्पर्धक प्रोसेसर-कंपनी) तापते, हे दुसरे विधान. ते कुठून आले हे सांगता येते. २०१२-१३च्या सुमारास एएमडीची एफएक्स मालिका होती. त्यातला एफएक्स-८३५० हा १२५ वॅटचा, तर एफएक्स-९५९० चक्क २२० वॅटचा होता. त्या काळी ज्यांनी ते वापरले त्यांची तक्रार रास्तच होती. परंतु २०१७मध्ये रायझन आले, रचना मुळापासून बदलली, आणि आजच्या बजेटमधील रायझन ५ ५६०० हा सहा कोअरचा प्रोसेसर ६५ वॅटचा आहे. पूर्ण जोरात असतानाही कंपनीने त्याला सॉकेटमधून ७६ वॅटच्या आसपास बांधून ठेवले आहे. त्याच्या बरोबरीचा इंटेलचा आय५-१२४००एफ कागदावर ६५ वॅटचाच आहे, पण टर्बोमध्ये, म्हणजे वाढीव वेगात, तो ११७ वॅटपर्यंत जाऊ शकतो. तेव्हा तापण्याचा हिशेब कंपनीच्या नावावर मांडता येत नाही. हेही सांगितले पाहिजे की इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीतील वरच्या प्रोसेसरांत व्होल्टेजमुळे अस्थिरता आढळली आणि २०२४मध्ये खुद्द इंटेलने त्यांची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. बाराव्या पिढीचा त्याच्याशी संबंध नाही. नावावर श्रद्धा ठेवणाऱ्यांनी ही दोन्ही उदाहरणे शेजारी शेजारी ठेवावीत.

राहिला उन्हाळा. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशीला टेकतो, आणि खोली पंधरा अंशांनी अधिक गरम असली की प्रोसेसरही साधारण तेवढाच अधिक गरम राहतो, मग तो कोणत्याही कंपनीचा असो. रायझन ५ ५६००ची तापमान-मर्यादा ९० अंश आहे, आय५-१२४००एफची १००. मर्यादा गाठली तर दोघेही वेग कमी करून स्वतःला सांभाळतात. खरी काळजी हवेच्या वाटेची घ्यावी. पुढच्या बाजूला काच आणि आत रंगीत दिवे असलेले कॅबिनेट दुकानात उठून दिसते, पण त्याला श्वास घ्यायला जागा नसते. पुढे जाळी, तिच्यामागे काढून झटकता येणारा फिल्टर आणि मागे एक बाहेर फेकणारा पंखा, एवढे पुरते. ऊसतोडीच्या हंगामात शेतात पाला पेटवला की काजळी उडत घरात येते आणि कूलरच्या पात्यांवर बसते. वाळवा, पलूसकडच्या मंडळींना हे वेगळे सांगायला नको.

तिसरे विधान सर्वांत महाग पडते. ‘चार जीबीचे कार्ड’ या शब्दांत कार्डाची ताकद कुठेच येत नाही. ते केवळ त्याच्यावरील मेमरीचे आकारमान आहे. २०१४ साली आलेले जीटी ७३० हे कार्ड चार जीबी डीडीआर३ मेमरीसह आजही मिळते. ६४-बिट मार्गावर त्याची मेमरी सेकंदाला साधारण १४.४ जीबी वेगाने माहिती हलवते. २०१९चे जीटीएक्स १६५० हेही चार जीबीचेच. पण त्याच्या जीडीडीआर५ मेमरीचा वेग सेकंदाला १२८ जीबी आहे. डब्यावरचा आकडा एकच, वेगात जवळपास नऊ पटींचा फरक. गंमत अशी की डीडीआर४-३२००ची एकटी रॅमची स्टिक सेकंदाला २५.६ जीबी देते, म्हणजे ज्या कार्डाने संगणकाला बळ द्यायचे त्या कार्डाची मेमरी मदरबोर्डावरच्या साध्या रॅमहून संथ आहे. शिवाय जीटी ७३०च्या केप्लर पिढीसाठी नव्या गेमांचे ड्रायव्हर (कार्ड चालवणारे प्रोग्राम) ते बनवणाऱ्या एनव्हिडिया कंपनीने २०२१मध्येच थांबवले.

नाव सारखे असूनही आतला माल वेगळा असण्याचे प्रकार नामांकित कार्डांतही आहेत. आरटीएक्स ३०५० आठ जीबीचे २०२२मध्ये आले, सहा जीबीचे २०२४मध्ये. दोघांत फरक फक्त दोन जीबींचा असे वाटते, पण सहावाल्यात कोअरही कमी आहेत, २५६०च्या जागी २३०४. आरएक्स ५८० म्हणून जे स्वस्त सेकंडहँड कार्ड मिळते ते पुष्कळदा २३०४ऐवजी २०४८ कोअरचे असते. तेव्हा जुने कार्ड घेताना दुकानातच जीपीयू-झेड हा मोफत प्रोग्राम चालवून कोअरची संख्या, मेमरीचा प्रकार आणि बिटचा आकडा पाहावा. बायोस (आतला मूळ प्रोग्राम) बदलून नाव पालटलेली एनव्हिडियाची बरीच बनावट कार्डे तो ओळखतो आणि नावापुढे तसा इशारा दाखवतो. सांगलीकरांनी आणखी एक गोष्ट पाहावी. २०१९ आणि २०२१च्या पुरात इथल्या बाजारपेठेत पाणी शिरले होते. म्हणून सेकंडहँड बोर्ड किंवा कार्ड हातात घेतल्यावर स्क्रूभोवतीचा गंज, स्लॉटच्या पितळी दातांवरचा हिरवट थर आणि चिपच्या कडेला साचलेली बारीक माती यांकडे नीट पाहावे. ब्रशने घासलेला बोर्ड वरून चकाचक दिसतो, कनेक्टरच्या आतली माती मात्र निघत नाही.

१०८०पी (फुल एचडी) मॉनिटरवर खेळायचे असेल तर माझ्या मते आरएक्स ६६००सारखे आठ जीबी जीडीडीआर६ मेमरीचे कार्ड हा बजेटचा योग्य मध्य आहे. प्रोसेसर आय७ की आय५ या वादात घालवलेले चार-पाच हजार कार्डाकडे वळवले तर फरक डोळ्यांना दिसतो. गेमिंगसाठीच्या एकूण खर्चातला चाळीस टक्क्यांच्या जवळपासचा वाटा कार्डाला द्यावा, असा माझा ठोकताळा आहे.

रॅमचे विधान थोडक्यात निकालात काढता येते. गेमला लागणारी रॅम अपुरी असेल तर खेळ अडखळतो, आणि ती पुरेशी झाली की अडखळणे थांबते. त्यापुढे रॅम कितीही वाढवली तरी एफपीएस वाढत नाही. वाढ मिळते ती सोळाची एक स्टिक लावण्याऐवजी आठ-आठच्या दोन लावल्याने, कारण दोन वाटांनी माहिती जाते. कार्ड नसलेल्या, अंगच्या ग्राफिक्सवर चालणाऱ्या संगणकात तर हा फरक फारच मोठा असतो. दुकानदाराने काय बसवले हे टास्क मॅनेजरच्या मेमरी पानावर दिसते : किती स्लॉट वापरात आहेत आणि वेग किती. ३२००ची रॅम २४००वर चालताना दिसली तर बायोसमध्ये एक्सएमपी (रॅम छापील वेगाने चालवणारी सोय) चालू करायचे राहिले आहे, एवढाच त्याचा अर्थ.

आता एसएमपीएस. कॅबिनेटबरोबर फुकट येणाऱ्या डब्यावर ‘४५० वॅट’ असे ठळक छापलेले असते. ते बाजूला ठेवून बाजूच्या तक्त्यातील १२ व्होल्टची ओळ वाचावी, कारण प्रोसेसर आणि कार्ड दोघेही प्रामुख्याने तिच्यावर जगतात. तिथे १४ अँपिअर लिहिले असेल तर १२ गुणिले १४, म्हणजे १६८ वॅट. आरएक्स ६६००ला १३२ वॅट, रायझनला ७६, पंखे, डिस्क आणि बोर्डाला आणखी चाळीस-पन्नास धरले तर बेरीज अडीचशेच्या घरात जाते. १६८मध्ये २५० बसत नाहीत. मग गेम रंगात आला की संगणक आपोआप बंद होतो, आणि दोष कार्डाला किंवा ‘तापणाऱ्या एएमडी’ला दिला जातो. अशा डब्यांना कार्डासाठीची आठ पिनांची वायरही नसते. दुकानात मोलेक्स या जुन्या चार पिनांच्या जोडावरून कन्व्हर्टर जोडून देतात. आठ पिनांच्या त्या तोंडातून १५० वॅटपर्यंत वीज खेचली जाऊ शकते, आणि कन्व्हर्टरच्या बारीक तारा तेवढ्यासाठी बनवलेल्या नसतात. ८० प्लस या कार्यक्षमतेच्या प्रमाणपत्राचा, काही वर्षांची वॉरंटी असलेला ४५० किंवा ५५० वॅटचा एसएमपीएस वेगळा घ्यावा. पुढे प्रोसेसर बदलला, बोर्ड बदलला, तरी तो राहतो.

वळिवाच्या पावसात आपल्याकडे वीज जाते-येते, म्हणून यूपीएसही हवा. ६०० व्हीए म्हणजे ६०० वॅट नव्हेत. बहुतेक घरगुती यूपीएसवर बारीक अक्षरांत ३६० वॅट लिहिलेले असते. तो गेम पुढे चालू ठेवण्यासाठी नसतो, संगणक नीट बंद करण्यापुरती काही मिनिटे देतो.

शेवटी पंचवीस हजार. एवढ्याच पैशांत नवे भाग, कार्ड आणि मॉनिटर असा पूर्ण गेमिंग संच बसत नाही. २०२५च्या अखेरीपासून रॅम महागल्यावर तर मुळीच नाही. पण हात आखडता असेल तर वाट आहे. रायझन ५ ५६००जी घ्यावा. त्याच्या अंगच्या ग्राफिक्सवर व्हॅलोरंटसारखे हलके गेम १०८०पीमध्ये कमी सेटिंगवर नीट चालतात, आणि वर सांगितलेल्या जीटी ७३०पेक्षा ते सरस आहे. बी४५० किंवा बी५५० मदरबोर्ड, आठ-आठच्या दोन स्टिक, एनव्हीएमई एसएसडी (वेगवान साठवण) आणि चांगला एसएमपीएस एवढ्यात थांबावे; जुना मॉनिटर चालवून घ्यावा. बोर्ड जुन्या साठ्यातला बी४५० असेल तर बायोस अद्ययावत करून दिला आहे का हे विचारावे, नाहीतर ५००० मालिकेचा प्रोसेसर त्यावर सुरूच होणार नाही. कार्ड पुढच्या वर्षी. ५६००जीमध्ये एल३ कॅशे (प्रोसेसरच्या अंगची वेगवान मेमरी) १६ एमबी आहे, साध्या ५६००मध्ये ३२, त्यामुळे कार्ड बसवल्यावर तो थोडा मागे राहील. तो तोटा मला मान्य आहे, कारण दरम्यान वर्षभर संगणक चालू राहतो. खरेदीच्या दिवशी बिलावर ‘आय७ पीसी, ४ जीबी ग्राफिक्स’ असे मोघम न लिहू देता प्रत्येक भागाचा पूर्ण मॉडेल नंबर आणि सिरियल नंबर लिहून घ्यावा, कारण वॉरंटीच्या वेळी तेवढेच विचारतात.