दोन पक्षांनी स्थैर्य येतं?

दोनच पक्ष असल्यामुळे अमेरिकेला स्थिर सरकार मिळतं, हा लेखातला मुद्दा मला अजिबात पटला नाही. १९९२ साली अध्यक्षपदाचे अपक्ष उमेदवार रॉस पेरो यांना जवळपास १९ टक्के मतं मिळाली, पण इलेक्टोरल कॉलेजमध्ये (अध्यक्ष प्रत्यक्ष निवडणाऱ्या राज्यांच्या प्रतिनिधींच्या मंडळात) एकही नाही. इतक्या लोकांचं म्हणणं थेट शून्यावर! २००० साली फ्लोरिडात रिपब्लिकन बुश डेमोक्रॅट गोर यांच्यापेक्षा ५३७ मतांनी पुढे राहिले आणि तिसरे उमेदवार नेडर यांना तिथे ९७ हजारांहून जास्त मतं होती. तिसऱ्याला मत म्हणजे मत वाया, ही भीती त्यानंतर आणखीच पक्की बसली (बसवली गेली, असंच मी म्हणेन). मेन आणि अलास्काने पसंतीक्रमाने मत देण्याची पद्धत आणली, पण बहुतेक राज्यांत ती नाही. कशी असेल? नियम बदलायचे त्याच दोन पक्षांनी ना!

आणि स्थैर्याचं म्हणाल तर इराणचा अणुकरार बघा. २०१५ मध्ये ओबामांनी केला, २०१८ मध्ये ट्रम्प त्यातून बाहेर पडले. पॅरिस हवामान कराराचंही तेच: बाहेर, २०२१ मध्ये परत आत, २०२५ मध्ये पुन्हा बाहेर पडण्याचा आदेश. अध्यक्ष बदलला की शब्द फिरणार असेल, तर दुसऱ्या देशाने वीस वर्षांचा करार कोणाच्या भरवशावर करायचा? मार्च २०२३ मध्ये सौदी-इराण समेट झाला तो बीजिंगमध्ये, चीनच्या मध्यस्थीने. चीनची ताकद वाढली हे खरंच, पण बरीचशी जागा अमेरिकेने आपल्याच हाताने मोकळी करून दिली आहे.