नामांकित व्हायचंय? आधी नाव झाका

संस्था काढलीत म्हणता? छान. सात सभासद जमवले, १८६०च्या कायद्याखाली नोंदणी केली, धर्मादाय आयुक्तांच्या वरळीच्या कार्यालयात खेटे घातले. तरी लेटरहेड बोडकंच दिसणार. त्यावर विशेषण हवं.

'अग्रगण्य'च्या नादी लागू नका, तो पतपेढ्यांचा प्रांत. 'सुप्रसिद्ध' वडापाववाल्यांनी झिजवलंय. तुम्ही सरळ 'नामांकित' घ्या. त्याला ना पुरावा लागतो, ना वय. एशियाटिक सोसायटीची सुरुवात १८०४ची, मुंबई विद्यापीठ १८५७चं. त्यांच्यामागे हे विशेषण लावायची तसदी सहसा कुणी घेत नाही. त्यांचं नावच पुरतं. म्हणजे तो शब्द तुमच्यासाठीच मोकळा आहे!

वापर शिकायचा तर लोकलच्या डब्यात चिकटवलेले कागद वाचा. 'नामांकित कंपनीत त्वरित भरती, अनुभवाची अट नाही.' कंपनीचं नाव? मोबाइल नंबर दिलाय ना, मग झालं. लग्नाच्या बाजारातही मुलगा 'नामांकित कंपनीत' असतो. कुठल्या, असं विचारलं की त्याच्या आईला चहाचं आधण आठवतं.

आणि याला राजमान्यताही आहे बरं का. आदिवासी विकास विभाग अनुसूचित जमातीच्या मुलांना इंग्रजी माध्यमाच्या 'नामांकित' निवासी शाळांत पाठवतो. योजनेच्या नावातच तो शब्द आहे. शाळा निवडायची सरकारने, म्हणजे नामांकित कोण तेही सरकारच ठरवणार. तुम्ही फक्त यादीवर डोळा ठेवा.

पण या विशेषणाची खरी किंमत कळते ती भानगड झाल्यावर. तुमच्या शाळेचा विद्यार्थी बोर्डात चमकला, तर पेपरात पूर्ण नाव येईल, शेजारी ट्रस्टींचा फोटोही. फीवरून पालकांनी गेट अडवलं, की तीच शाळा 'दादरमधील एक नामांकित शाळा' होते. ज्याच्यावर नाव कोरलंय तो नामांकित, असं व्याकरण म्हणेल. व्याकरणाला पेपरच्या वकिलाची भीती नसते.

त्या दिवशी घाबरू नका. दुपारपर्यंत दादरच्या झाडून सगळ्या शाळांच्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'आपली नाही ना?' फिरेल. तुमच्याही ग्रुपवर येईल. त्यावर हात जोडल्याचं चिन्ह टाका आणि पुढच्या वर्षीच्या प्रवेशाची जाहिरात छापायला पाठवा. तिच्यात नाव मात्र ठळक टायपात, शाखांसकट.