हरकती मागवाव्यात, येऊ देऊ नयेत

समजा, उद्या तुम्ही एखाद्या सरकारी खात्यात कक्ष अधिकारी झालात आणि पहिल्याच आठवड्यात साहेबांनी फाइल पुढ्यात टाकली: “मसुदा प्रसिद्ध करा, हरकती-सूचना मागवा.” घाबरू नका. हरकती मागवायच्या असं कायदा सांगतो. त्या आल्याच पाहिजेत असं कुठेही लिहिलेलं नाही. ही विद्या मी गेल्या महिन्यात एका कार्यालयाच्या पायऱ्या झिजवून शिकलोय. तुम्हाला फुकट देतो.

आधी शीर्षक. वाचून विषय कळला तर तुम्ही नापास. सुरुवात जावक क्रमांकाने करा, मग अधिनियमाचं अख्खं नाव, कलम, पोटकलम, खंड. मूळ गोष्ट, म्हणजे पोरांचं मैदान जाणार आहे ही, सातव्या ओळीत “उक्त क्षेत्र” एवढ्यात गुंडाळा. लोक त्या जागेला ज्या नावाने ओळखतात ते नाव चुकूनही लिहू नका. सर्वे नंबर द्या, हिस्सा नंबर द्या आणि शेवटी “पैकी” लिहा. पैकी म्हणजे नेमका कुठला तुकडा, हे विचारायला येणाऱ्यालाही कळत नाही आणि सांगणाऱ्यालाही. आमच्या घरासमोर वर्षानुवर्षं क्रिकेट खेळणाऱ्या पोरांना आपण “पैकी”मध्ये खेळतोय याचा पत्ताच नव्हता.

शक्य असेल तर “किरकोळ” हा शब्द घाला. महाराष्ट्राच्या १९६६ च्या नगररचना अधिनियमातल्या कलम ३७ खाली विकास आराखड्यात होणाऱ्या बदलांना सगळे “किरकोळ फेरबदल”च म्हणतात. मैदानाच्या जागी दुसरं काही येणं किरकोळच की.

कागद स्कॅन करताना थोडा तिरका ठेवा.

आता भाषा. इथे केंद्राकडून शिका. पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाच्या, म्हणजे प्रकल्पाने पर्यावरणाचं काय होईल हे आधी तपासण्याच्या, नियमांचा नवा मसुदा २०२० च्या एप्रिलमध्ये राजपत्रात आला, देश लॉकडाऊनमध्ये घरात बसलेला असताना. ३० जूनला दिल्ली उच्च न्यायालयाने सांगितलं, राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांमध्ये भाषांतर करा. केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने काय केलं? सर्वोच्च न्यायालय गाठलं. भाषांतरकार शोधण्यापेक्षा वकील शोधणं सोपं असतं, हे लक्षात ठेवा.

पण खरी करामत तारखेत आहे. आमच्या मैदानाच्या नोटिशीवर तारीख महिन्याच्या पहिल्या आठवड्याची, संकेतस्थळावर ती चढली चौथ्या आठवड्यात. मुदत नोटिशीच्या तारखेपासून एक महिना. मला ती दिसली शुक्रवारी रात्री, तीही एका शेजाऱ्याच्या भाच्याने पाठवली म्हणून. उरले चार दिवस, त्यातले दोन शनिवार-रविवार. “नकाशा कार्यालयीन वेळेत पाहण्यासाठी उपलब्ध आहे.” सोमवारी गेलो. कपाटाची किल्ली ज्यांच्याकडे, ते साइटवर. साइट कुठली? माहीत नाही. साडेतीन वाजता सांगितलं, उद्या या. मंगळवारी गेलो. नकाशा निघाला, चार घड्यांचा, आणि आमचं मैदान नेमकं घडीवर, जिथली शाई उडालेली. मोबाइल काढला तर म्हणे फोटो काढता येणार नाही, नकलेसाठी अर्ज करा. नक्कल कधी मिळेल? आठ-पंधरा दिवसांत. आणि हरकतीची मुदत? आज. हे सांगताना त्या माणसाच्या चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही! मग उभ्या उभ्या, दुसऱ्याच्या पेनाने हरकत लिहिली. आवक खिडकीवर नेली तर, “तीन प्रतींत हवी.” हे नोटिशीत का नाही? “सगळ्यांना माहीत असतं.” सगळ्यांना म्हणजे कोणाला हो? झेरॉक्स काढून परत आलो तेव्हा पाचला दहा कमी होते आणि शिक्का मारणारी बाई पर्स आवरत होती. तिने शिक्का मारला, त्याबद्दल मी तिचा आयुष्यभर ऋणी आहे, इथपर्यंत मला आणून ठेवलंत तुम्ही.

हरकती आल्याच तर त्या दिसू देऊ नका. २०१४ चं केंद्राचंच धोरण म्हणतं, मसुदा किमान ३० दिवस लोकांसमोर ठेवा, सोप्या भाषेत टिपण द्या, आलेल्या सूचनांचा गोषवारा संकेतस्थळावर टाका. धोरण आहे, कायदा नाही, तेव्हा निवांत राहा. जानेवारी २०२५ मध्ये वैयक्तिक डेटा संरक्षणाच्या नियमांचा मसुदा आला तेव्हा तर सूचना मागवतानाच सांगून टाकलं होतं की त्या कुणालाही उघड केल्या जाणार नाहीत. लोकांच्या सूचना लोकांपासून सुरक्षित.

बास. उपरोध मला यापुढे झेपत नाही.

माहिती अधिकार कायद्याचं कलम ४ काढून वाचा. २००५ पासून आहे. माहिती स्थानिक भाषेत द्या, त्या भागात जी पद्धत सर्वांत परिणामकारक ठरेल त्या पद्धतीने पोहोचवा, असं त्यात चक्क लिहिलंय. त्यासाठी सल्लागार नेमायला नको, ॲप बनवायला नको. मी शनिवारी काय केलं सांगू? एका कागदावर जाड स्केचपेनने लिहिलं, “हे मैदान राहणार नाही असा प्रस्ताव आहे. हरकत मंगळवारपर्यंत देता येईल.” आणि फाटकाला चिकटपट्टीने लावला. संध्याकाळी पोरं दारात उभी, “काका, सही कुठे करायची?” त्यांच्या आया आल्या, रोज फिरायला येणारे आजोबा आले. पाच मिनिटांचं काम होतं ते, आणि तुमचं होतं. त्याचा पगार तुम्हाला मिळतो, मला नाही.