झाड राखलं म्हणून शैवाक राहत नाही

"झाडाच्या सालीवरच्या करड्या पापुद्र्यासाठी जंगलतोड थांबवायची?" हा प्रश्न वाचला की मला राहवत नाही. म्हणून हे लिहितेय.

तो पापुद्रा म्हणजे बोरियल फेल्ट लायकेन हे शैवाक, शास्त्रीय नाव एरिओडर्मा पेडिसेलॅटम. 2003 मध्ये आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेने त्याची नोंद अतिसंकटग्रस्त म्हणून केली. कोरडं असताना मळकट करडं, भिजलं की निळसर, अंगावर बारीक लव आणि वर वळलेल्या पांढऱ्या कडा. पहिला नमुना 1902 मध्ये कॅनडातल्या कॅम्पोबेलो बेटावर मिळाला. आज तिथे ते नाही.

शैवाक म्हणजे एकटा जीव नव्हे, तो संसार असतो. इथे बुरशी आणि तिच्यासाठी अन्न बनवणारा सायनोबॅक्टेरिया हा सूक्ष्मजीव. कित्येक शैवाकं दोघांना एकत्र बांधलेले कण सोडतात; कण पडला तिथे संसार सुरू. या बिचाऱ्याकडे ती सोयच नाही! त्याच्या अंगावरच्या बशीसारख्या तपकिरी चकत्यांतून फक्त बुरशीचे बीजाणू उडतात, आणि दर पिढीला जोडीदार नव्याने शोधावा लागतो. सालीवरच्या फ्रुलानिया या चिमुकल्या लिव्हरवर्टच्या (मॉससारख्या वनस्पतीच्या) पानांत पाणी साठवणाऱ्या पिशव्या असतात. ही भेट तिथेच घडत असावी, असं अभ्यासकांना वाटतं. म्हणजे साल, लिव्हरवर्ट, धुक्याचा ओलावा, सगळं एका वेळी जुळायला हवं. त्यात शैवाकाला मुळं नाहीत, वरून मेणाचा थरही नाही. हवेतलं आणि पावसातलं जे असेल ते थेट अंगात. त्यामुळे सल्फर डायऑक्साइड आणि आम्लवर्षा त्याला सोसत नाहीत.

म्हणूनच शैवाक असलेलं तेवढं झाड राखून बाकीचं तोडलं, तर ते वाचवणं नव्हे. आजूबाजूची झाडं गेली की वारा आणि ऊन आत शिरतं, ओल उडते. राखलेलं झाडही एक दिवस पडणारच.

आणि पडल्यावर पुढचं झाड कुठाय? कॅनडाच्या न्यूफाउंडलंड बेटावर हे शैवाक मुख्यतः बाल्सम फर या सूचिपर्णी झाडावर राहतं. त्या बेटावर मूस, म्हणजे तिकडचं मोठं हरीण, मूळचे नाहीत. 1904 मध्ये न्यू ब्रन्सविकहून चार आणून सोडले, आणि त्यांचे वंशज फरची रोपं खाऊन ती वाढूच देत नाहीत. ग्रोस मोर्न आणि टेरा नोव्हा या राष्ट्रीय उद्यानांत 2011 पासून मूसची नियंत्रित शिकार सुरू झाली. प्राण्यांवर माझा जीव आहे, तरी हा निर्णय मला पटतो. आज उगवलेलं रोप जगलं, तरच काही दशकांनी त्या बीजाणूला उतरायला साल मिळेल.