दातेरी वॉशर नेमका कुठे बसवावा?

अ‍ॅम्प्लिफायरचे किट घरी जोडायला घेणाऱ्या माणसाला वाटते की खरी कसोटी सोल्डरिंगची आहे. वास्तविक ते काम बिनबोभाट पार पडते, कारण रेझिस्टरवर रंगपट्टे असतात, कपॅसिटरवर ऋण बाजू छापलेली असते आणि बोर्डावर प्रत्येकाची जागा ठरलेली असते. कसोटी लागते ती खोक्याच्या तळाशी पडलेल्या प्लास्टिकच्या पिशवीशी गाठ पडल्यावर. तिच्यात नट, बोल्ट, अभ्रकाच्या चकत्या, पांढरे बुश, तार डकवायचा भोकाचा टॅग आणि दातेरी वॉशर गुण्यागोविंदाने नांदत असतात आणि या सर्वांविषयी माझ्या सूचनापत्रकात एकच वाक्य होते : ‘अर्थची तार पेटीला घट्ट जोडावी.’

पेटीला काळा, देखणा रंग दिलेला होता आणि रंगातून वीज वाहत नाही. त्यामुळे वॉशरचे दात रंग खरवडून धातूला भिडावेत म्हणून तो टॅगच्या खाली घालावा, असे एक मत मला मिळाले. आमचे मेहुणे मेकॅनिकल इंजिनिअर असल्याने त्यांनी ते तात्काळ खोडून काढले. त्यांच्या मते दात हे नट सैल पडू नये यासाठीच असतात, म्हणून वॉशर नटाखालीच हवा. बुधवार पेठेतल्या दुकानदाराने दोघांचेही ऐकून घेतले आणि ‘दोन्हीकडे लावा की साहेब, दोन रुपयांच्या वस्तूवरून घरात वाद कशाला?’ असे म्हणून आणखी वॉशर पुढे केले. मी मात्र पॉलिश पेपरने रंग घासून चकचकीत अ‍ॅल्युमिनियम उघडे केले, त्यावर टॅग, त्यावर वॉशर, वर नट आणि त्यावर दुसरा नट आवळला. शिवाय हा बोल्ट केवळ अर्थसाठी राखून ठेवला. मेहुण्यांना हा त्यांचा विजय वाटला, तो मी वाटू दिला.

गंमत अशी की इथे जोड व्हावा म्हणून रंग खरवडायचा आणि चार बोटांवर जोड होऊ नये म्हणून जिवाचे रान करायचे. आवाज वाढवणाऱ्या एलएम ३८८६ या चिपची धातूची पाठ आतून ऋण पुरवठ्याला जोडलेली असते, म्हणून तिच्या आणि हीटसिंकच्या, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या, मध्ये वीज अडवणारे अभ्रक, स्क्रूभोवती बुश. गोल, टोरॉइडल ट्रान्सफॉर्मरच्या पोटातून जाणाऱ्या बोल्टचे तर सोवळे आणखी कडक : त्याचे वरचे टोक झाकणाला टेकले की बोल्ट आणि पेटी मिळून तारेचा एक बंद वेढा तयार होतो आणि त्यातून प्रचंड करंट धावतो. जोड झाल्याचे सांगणारी मल्टिमीटरची तीच ‘टीं’ एका बोल्टवर आशीर्वाद ठरते आणि दुसऱ्यावर अपशकुन.

एवढे करून स्पीकर घुमतोच. टीव्हीची पेटी आणि अ‍ॅम्प्लिफायर दोघेही अर्थला जोडलेले असतील, तर सिग्नलच्या केबलमधून वळसा पूर्ण होतो आणि ५० हर्ट्‌झची गुणगुण सुरू होते. मांडवात स्पीकर लावणाऱ्या एका अनुभवी गृहस्थांनी ‘प्लगची जाड पिन काढून टाका, आवाज गप्प’ असा तोडगा सांगितला. आवाज गप्प होतो हे खरे, परंतु उद्या ट्रान्सफॉर्मरचे इन्सुलेशन गेले तर २३० व्होल्ट थेट पेटीवर येतात आणि मग ऐकणाराही गप्प होतो. त्यापेक्षा पेटी सरळ अर्थला ठेवावी आणि सर्किटचा शून्य बिंदू १० ओहमच्या रेझिस्टरमार्गे, त्याला समांतर उलटसुलट दोन डायोड देऊन, पेटीला जोडावा. मी तेच केले.

मग सहज शंका आली की सॉकेटच्या तिसऱ्या भोकामागे तरी काही आहे का? वायरमनने फेज आणि अर्थमध्ये बल्ब धरला, तेव्हा त्याची तार जेमतेम लालसर झाली. सोसायटीच्या अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ, कोळसा आणि पाणी शेवटचे कधी पडले, हे विचारायला मी सचिवांकडे गेलो. असा खड्डा आहे, हीच त्यांना बातमी होती. शोधाअंती तो पार्किंगच्या नव्या फरश्यांखाली निघाला. विषय पुढच्या सभेत घेण्याचे त्यांनी मान्य केले आहे. अर्थात, गच्चीच्या गळतीनंतर.