परत आलेल्या मुलांची घरं

परवा ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या जुन्या वाड्यावरून जात होते. काकूंच्या खोल्या रिकाम्या करणं चालू होतं, वाडा विकला गेलाय. भंगारवाल्याच्या हातगाडीवर एक काळी लोखंडी ट्रंक चढताना दिसली आणि माझे पाय थांबले. झाकणावर पांढऱ्या रंगात नंबर, हुद्दा, नाव. निम्मी अक्षरं उडालेली. आत एक कोचे पडलेला मग, बाकी काही नाही. मी त्याला पैसे दिले आणि ट्रंक घरी आणली. तेव्हापासून हे लिहायचं मनात घोळतंय.

१९७१ साली मी दहा वर्षांची होते. काकूंचा थोरला फौजेत, सिग्नल्समध्ये म्हणजे संदेशवहनाच्या तुकडीत, पूर्वेच्या आघाडीवर. ३ डिसेंबरच्या संध्याकाळी पाकिस्तानी विमानं आग्र्यापर्यंत आली. आग्रा आमच्यापासून सव्वाशे किलोमीटरही नाही, आणि आपल्याकडे तर महाराजपूरचा हवाई दलाचा विमानतळ. खिडक्यांना काळे कागद चिकटवले होते. अंधार पडला की मोहल्ल्यातली पोरं शिट्ट्या मारत फिरायची, 'बत्ती बुझाओ!' काकूंच्या देवघरात मात्र नंदादीप. तो विझवायला त्या तयार नव्हत्या. त्यांनी पितळी परात उभी करून तिच्या आडोशाला समई ठेवली होती. एका रात्री त्या पोरांतला एक थेट आत आला. त्याने परात बघितली, वाकून ती वीतभर सरकवली म्हणजे फटीतून उजेड दिसू नये, आणि एक शब्द न बोलता निघून गेला.

काकूंची शाळा तिसरीतच सुटलेली, म्हणून पत्रं मी लिहायची. रविवारी दुपारी, निळ्या आंतरदेशीय पत्रावर. वर नंबर, हुद्दा, नाव, युनिट, मग ५६ एपीओ, म्हणजे फौजेचं टपाल कार्यालय. 'चि. यास अनेक उत्तम आशीर्वाद. इकडे सर्व खुशाल.' पुढे लिंबाचं लोणचं घातलं, नळाला पाणी सकाळीच येतं, आत्याबाईंच्या गुडघ्याला आराम पडला. काळजीचं अक्षर नाही. मी एकदा विचारलं, 'काकू, लवकर ये असं लिहू?' 'नको गं. ते त्याच्या हातात आहे का? मग उगीच त्याचा जीव टांगणीला कशाला लावायचा?'

१६ डिसेंबरला ढाक्यात शरणागती झाली. महाराज बाड्याच्या चौकात पेढे वाटले, फटाके वाजले. आमच्या वाड्यातही पेढे आले. काकूंनी एक हातात घेतला आणि तेवढ्यात पोस्टमन आला. त्याचं पत्र! सगळा वाडा गोळा झाला. मी मोठ्याने वाचायला लागले, तर काकू म्हणाल्या, 'आधी तारीख सांग.' तारीख होती ९ डिसेंबर. 'पुन्हा बघ.' ९ डिसेंबरच. काकूंनी पेढा परत डब्यात ठेवला.

तो पेढा मी विसरू शकत नाही. गावासाठी युद्ध संपलं होतं, त्या घरासाठी नाही. जानेवारीत दुसरं पत्र आलं तेव्हा कुठे त्या घराची दिवाळी झाली.

मुलगा परत आला. होळीच्या सुमारास रजेवर आला, ओसरीत बसून राहायचा. पुढे निवृत्त झाला, एका गोदामावर रखवालीला लागला. गेला तेव्हा वर्तमानपत्रात दोन ओळी आल्या, त्यात फौजेचं नावसुद्धा नव्हतं. मोहल्ल्यातल्या नव्या लोकांना तो 'गोदामवाले भैया' एवढाच माहीत.

माझं म्हणणं एवढंच आहे. जे गेले त्यांची नावं कोरलीच पाहिजेत. दिल्लीला २०१९ साली राष्ट्रीय युद्ध स्मारक झालं, तिथे ग्रॅनाइटवर पंचवीस हजारांहून जास्त नावं आहेत. मी ती बघून आले, हात लावून आले, रडलेही. पण ज्यांची मुलं परत आली त्या घरांनी काहीच दिलं नाही असं आपण का धरून चालतो? त्या तेरा दिवसांत कुठल्या आईला माहीत होतं की आपण कुठल्या यादीत असणार? परातीआडचा दिवा दोन्ही घरांत सारखाच जळत होता.

आणि आपल्या गावाने तरी हे विसरू नये. १८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांच्या फौजेचा तळ इथे पडला, तेच पुढे लष्कर झालं. इथला कंपू मोहल्ला म्हणजे कॅम्प. शिंदे की छावनी तर नावातच छावणी. फालका बाजार, शितोळ्यांचा बाडा, आंग्र्यांचा बाडा, सरदारांची नावं आपण रोज रिक्षावाल्याला सांगतो. शिपायाच्या नावाची एक गल्ली मला आठवत नाही.

पहिल्या महायुद्धात ग्वाल्हेर संस्थानची तिसरी पायदळ पलटण पूर्व आफ्रिकेच्या मोहिमेवर गेली, चौथी सुएझ कालव्याच्या रक्षणाला. माधवराव शिंदे महाराजांच्या पुढाकाराने संस्थानिकांनी 'लॉयल्टी' हे इस्पितळ-जहाज दिलं, ते इतिहासात नोंदलं गेलं. ज्यांच्या घरून पोरं बोटीत बसली, त्यांची नोंद कुणी ठेवली? तिकडे मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, कूटच्या वेढ्यात मराठा पलटणी १९१५च्या डिसेंबरपासून १९१६च्या एप्रिलअखेरपर्यंत उपाशी लढल्या. त्या मोहिमेतल्या मृतांचं स्मारक बसऱ्याला उभं राहिलं, तर गोऱ्या शिपायांची नावं कोरली आणि साध्या हिंदी शिपायांचा पलटणवार नुसता आकडा. मेल्यावरही नाव नाही. हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. आकड्याला आई नसते. परक्यांनी तसं केलं म्हणून आपण चिडतो, ते बरोबरच आहे. पण आपल्याच गल्लीतल्या माणसाचं नाव आपल्याला येत नाही, त्याचं काय?

संस्थानची ती चौथी पलटण विलीनीकरणानंतर कुमाऊँ रेजिमेंटची चौदावी पलटण झाली, आणि ग्वाल्हेरचं नाव तिच्याबरोबर राहिलं. फौजेने आपल्या गावाचं नाव जपलं. आपण त्यांच्या घरांची नावं जपूया.

मी एक वही केली आहे. कुठल्या वाड्यातून कोण गेलं, कुठल्या साली, घरी मागे कोण होतं. ड्रायव्हर, स्वयंपाकी, कारकून, नर्सिंगवाले, सगळे. पासष्ट, एकाहत्तर, श्रीलंका, कारगिल, सगळं. आतापर्यंत अकरा घरं झाली. गणपतीत एका संध्याकाळी आरतीच्या आधी ही नावं वाचायची, असं आमच्या मंडळातल्या मुलांशी बोलले आहे. मुलं लगेच हो म्हणाली. भाषण नको, शाल-श्रीफळ नको. नाव, घर आणि त्या घरातल्या आईचं नाव.

तुमच्याकडे काही असेल तर सांगा. आजोबांचं पेन्शनचं पुस्तक, एखादं पदक, पत्रं. माळा साफ करताना टाकून देऊ नका.

काकूंच्या ट्रंकेवरचा नंबर मी वहीच्या पहिल्या पानावर उतरवून घेतलाय. शेवटचे दोन आकडे उडालेत. दर रविवारी माझ्याच हाताने तो पत्रावर लिहिलेला, आणि आता डोळे मिटून बसले तरी आठवत नाही. वाड्यातल्या कुणाकडे त्याचं त्या वेळचं एखादं पत्र राहिलं असेल, तर मागच्या बाजूला बघून मला तेवढे दोन आकडे कळवा.